झोपेतून नको, घरकामातून काढा तो तास

पत्र

सप्रेम नमस्कार,

माझे वय ३८. आम्ही धायरीला राहतो. मी हडपसरजवळच्या एका कंपनीत हिशेब विभागात आहे. यजमान चाकणच्या कारखान्यात आहेत आणि त्यांच्या पाळ्या बदलत असतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. पहाटे पाचला उठून मी चार डबे भरते आणि रात्री अकराला ओटा पुसून झोपते. गेले वर्षभर मी सतत चिडलेली असते. संध्याकाळी घरी पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे तशीच पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहते, कारण वर जायची ताकद नसते. मुलांवर ओरडते आणि मग रात्री रडू येते.

मुलगी शाळेच्या मैदानावर खो-खो शिकते. मध्यंतरी तिला आणायला गेले असताना एक खेळाडू कमी होती, म्हणून तिच्या बाईंनी मला खेळायला घेतले. शाळेत असताना मी जिल्हा पातळीपर्यंत खेळले होते. जेमतेम एक डाव झाला, पण त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली आणि दुसऱ्या दिवशी कोणावरही आवाज चढला नाही. आता त्याच बाई मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी सात ते आठ महिलांचा सराव सुरू करणार आहेत. यजमान म्हणतात, 'या वयात खो-खो कशाला, त्यापेक्षा पहाटे उठून फिरायला जा.' सासूबाई म्हणतात, 'गुडघे मोडून घेशील.' मलाही अपराधी वाटते. मी घरापासून पळ काढते आहे का? खेळायचे ठरवले तर शरीराला झेपेल का? आणि मुलीला तिच्या मैदानावर आई आलेली आवडेल का?

एक वाचक, धायरी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. नाही, तुम्ही घरापासून पळ काढत नाही. पार्किंगमधल्या त्या दहा-पंधरा मिनिटांविषयी तुम्ही एखादा गुन्हा कबूल करावा तसे लिहिले आहे. मला त्यात गुन्हा दिसत नाही. कार्यालयाचे काम संपले आहे आणि घरचे अजून सुरू व्हायचे आहे, या दोहोंच्या मधली तेवढीच वेळ तुमची स्वतःची उरली आहे, आणि तीही कोणी पाहील का या धास्तीत, स्कूटरवर बसून काढावी लागते. विश्रांती उजळ माथ्याने मिळत नसेल तर माणूस ती चोरून घेतो. एका डावाने तुमच्यात जो फरक पडला तो तुम्ही स्वतःच नोंदवला आहे. दुसऱ्या दिवशी मुलांना अधिक शांत आई मिळाली. म्हणून खेळावे का, याविषयी माझ्या मनात शंका नाही. हा वेळ कोठून काढायचा, हा खरा प्रश्न आहे आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

यजमानांनी पहाटे फिरायला जाण्याचा सल्ला दिला, त्यामागे आपुलकी आहे हे मी मानते. तरीही तो सल्ला मला मान्य नाही. तुम्ही अकराला झोपता आणि पाचला उठता. मध्ये कोणाच्या खोकल्याने किंवा हाकेने जाग आली नाही, असे धरले तरी ही झोप सहा तासांची होते आणि प्रौढ माणसाला किमान सात तासांची गरज असते. चिडचिड, विसराळूपणा, दुपारनंतर गोड खावेसे वाटणे, क्षुल्लक गोष्टीने डोळे भरून येणे, यातले पुष्कळसे अपुऱ्या झोपेचे परिणाम असतात. त्या झोपेतून आणखी पाऊण तास कापून टेकडी चढायला जाणे म्हणजे ज्या उणिवेने तुम्ही थकला आहात तीच वाढवणे. कर्तबगार स्त्रियांच्या मुलाखतींत 'मी पहाटे चारला उठते' हे वाक्य कौतुकाने छापले जाते, तेव्हा मला दर वेळी वाईट वाटते. कारण ते वाचणारी प्रत्येक थकलेली बाई असे समजते की आपल्याला वेळ मिळत नाही हा आपल्याच आळसाचा दोष आहे.

दोष आळसाचा नाही, हे सांगणारे आकडे सरकारनेच गोळा केले आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. दोहोंमधले अंतर रोजचे दोनशे मिनिटांचे आहे. तुम्ही मागता आहात आठवड्याला तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. एका दिवसाच्या अंतराइतकाही वेळ तुम्ही अख्ख्या आठवड्यात मागत नाही. तेव्हा हा तास झोपेतून काढू नका, जेवणाच्या सुट्टीतून काढू नका, मुलांना जवळ घेऊन बसण्याच्या वेळेतूनही काढू नका. तो घरकामातून काढा, आणि ते घरकाम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात खरोखर जाऊ द्या.

हे प्रत्यक्षात कसे करता येईल, याचा मी तुमच्या घरापुरता विचार केला. यजमानांची पहिली पाळी असते त्या आठवड्यांत ते संध्याकाळी घरी असतात. त्या आठवड्यांत सरावाच्या तिन्ही दिवशी रात्रीचे जेवण ही त्यांची जबाबदारी. दुसरी पाळी असेल तेव्हा ते संध्याकाळी नसतील, पण सकाळी घरी असतील. मग त्या आठवड्यांत सकाळचे डबे त्यांनी भरावेत, म्हणजे तुम्हाला पाचऐवजी पावणेसहाला उठता येईल, आणि सरावाच्या दिवशी रात्रीची पोळी-भाजी बाहेरून यावी. पुण्यात पोळी-भाजी केंद्रांची वाण नाही, सिंहगड रस्त्यावर तर नाहीच. घरी कुकर लावून वरण-भात केला आणि पोळ्या-भाजी केंद्रातून आणली, तर चौघांचे काय बिघडते? महिन्याला जो खर्च वाढेल तो घरखर्चाच्या वहीत इतर खर्चांसारखाच लिहावा. तुमच्या हौसेचा खर्च म्हणून वेगळा मांडू नये. घरात दोन पगार येतात आणि त्यातला एक तुमचा आहे.

तिसऱ्या पाळीचा आठवडा आला किंवा कोणी आजारी पडले, तर धाकट्याला सोबत न्या. मैदानावर येणाऱ्या इतर आयांचीही हीच अडचण असणार आहे, त्यामुळे बाईंना आधीच विचारा की दर वेळी एका आईने कडेला बसून लहान मुलांकडे पाहावे, अशी पाळी लावता येईल का. पाच वर्षांच्या मुलाला तासभर मातीत खेळायला मिळाले तर तोही रात्री लवकर झोपेल.

येथे एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. आईने काम खाली ठेवले की ते सहसा घरातल्या पुढच्या बाईच्या ओटीत जाऊन पडते. तुम्ही मैदानावर असताना सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी उभ्या राहिल्या, किंवा अकरा वर्षांची मुलगी भावाला भरवू लागली आणि तिचा अभ्यास मागे राहिला, तर तुमचे ओझे कमी झाले असे म्हणता येणार नाही. ते फक्त दुसऱ्या खांद्यावर गेले. मुलीला ताटे घ्यायला सांगितली तर मुलालाही पाण्याचे पेले भरायला सांगा. पाच वर्षांच्या मुलाला तेवढे नक्की येते.

दुसरे असे की काम सोपवले म्हणजे त्याचा विचारही सोपवायचा. मैदानावरून फोन करून 'डाळ खालच्या डब्यात आहे, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, बाळाला आधी वाढा' असे सांगत राहिलात, तर हात यजमानांचे राबतील पण डोके तुमचेच राबेल, आणि तुमच्या थकव्यात या डोक्याच्या राबण्याचा वाटा फार मोठा आहे. कोणाची वही संपली, गॅस कधी नोंदवायचा, सासूबाईंच्या गोळ्या कधी आणायच्या, हे सारे आज एकट्या तुमच्या लक्षात असते. सरावाच्या तासात फोन पिशवीत राहू द्या. भात गिच्च होईल, कधी मुले खिचडीवर झोपतील, एखाद्या दिवशी गृहपाठाची वही कोरी जाईल. हे होऊ देण्याची तयारी ठेवा आणि घरी आल्यावर त्यावर टीका करू नका. केलेल्या कामाची रोज परीक्षा घेतली गेली, तर नवी माणसे ते काम पुन्हा तुमच्याकडे सरकवतील.

यजमानांशी हे बोलताना वेळ नीट निवडा. रात्री अकराला, दोघेही थकलेले असताना, असे विषय भांडणाकडे जातात. सुट्टीच्या सकाळी त्यांच्या पाळ्यांचे महिन्याचे वेळापत्रक समोर घेऊन बसा. 'मी जाऊ का?' असे विचारू नका. 'मला जायचे आहे, आपण हे कसे बसवू या?' असे विचारा. पार्किंगमध्ये बसून राहण्याविषयी तुम्ही त्यांना कदाचित सांगितले नसेल. ते जरूर सांगा. 'या वयात कशाला' म्हणणाऱ्या माणसाला आपली बायको रोज संध्याकाळी घराखाली बसून धीर गोळा करते, हे बहुधा ठाऊक नसते. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी कोठेही कडवटपणा नाही, म्हणून मला वाटते की ते ऐकतील.

आता खेळाविषयी, कारण मैदानाऐवजी व्यायामशाळा किंवा घरच्या घरी योगासने असा पर्यायही तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. दोन्ही चांगले आहे आणि कशाने शरीराचे नुकसान होणार नाही. परंतु तुमच्यासारख्या स्थितीत सांघिक खेळाला मी वेगळे स्थान देते. एकटीने करायचा व्यायाम हे यादीतले आणखी एक काम होऊन बसते. तो चुकला तर जाब विचारणारे कोणी नसते आणि चुकल्याची टोचणी मात्र राहते. मैदानावर आठ बायका तुमची वाट पाहत असतात. त्या तुम्हाला 'अमुकची आई' म्हणून ओळखत नाहीत. सूर कोण चांगला मारते आणि खांबाजवळ हुलकावणी कोणाला जमते, एवढेच त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

त्यातही खो-खो. पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठ जणी चौकोनांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आज, अडतिसाव्या वर्षी, त्या बसण्याकडे पुन्हा एकदा पाहा. पाठीमागून हात लागून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचे नाही आणि ऐकू येताच क्षणाचा विलंब न करता उठायचे. त्यामुळे त्या वेळात उद्याच्या डब्याचा किंवा महिनाअखेरच्या ताळेबंदाचा विचार मनात शिरूच शकत नाही. लक्ष विखुरले की खो चुकतो. दिवसभर दहा ठिकाणी वाटले गेलेले मन तेवढा वेळ एका जागी येते, आणि त्या रात्री तुम्हाला गाढ झोप लागली त्याचे कारण शारीरिक दमणुकीइतकेच हेही असावे, असे मला वाटते. शिवाय या खेळात एकीने सारा पाठलाग करायचा नसतो. धावणारीला मागे वळता येत नाही, बसलेल्यांची ओळ ओलांडता येत नाही; दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालायचा किंवा खो देऊन पाठलाग दुसरीच्या हाती सोपवायचा. दमेपर्यंत एकटीच धावत राहिलेली खेळाडू संघाचे गुण घालवते. बचाव करताना तीन-तीन जणींची तुकडी आत येते, साखळी खेळते, बाद होते आणि बाहेर येऊन पाणी पिते, तोवर पुढची तुकडी आत गेलेली असते. बाद झाल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. घरात आणि कार्यालयात तुम्हाला बाहेर येऊन पाणी पिण्याची मुभा नाही. ती अनुभवायला मिळणे, आणि आपण बाहेर बसलो तरी डाव चालू राहतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, याची तुम्हाला आज फार गरज आहे.

हा खेळ आपल्या शहराचाही आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचा खो-खोला नियमांची चौकट देण्यात मोठा वाटा होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. तुमच्या मुलीने तो सामना पाहिला असेल.

यजमानांच्या 'या वयात' या शब्दांपुरते आणखी एक सांगते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या आधी नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून या धावपटूला, ती तीस वर्षांची आणि दोन मुलांची आई असल्यामुळे, घरी मुलांकडे लक्ष द्यावे असे उघडपणे सुनावले गेले होते. तिने त्या स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली. आपल्याकडे मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुले झाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा जागतिक विजेती झाली. ही उदाहरणे मी तुमच्यापुढे माप म्हणून ठेवत नाही. त्या असामान्य खेळाडू होत्या आणि त्यांच्यामागे मुले सांभाळणारी माणसे उभी होती. आईपण आणि वय यांमुळे शरीर संपत नाही, एवढेच त्यावरून समजावे.

शरीराला झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र सावधपणे द्यायला हवे. झेपेल, पण लगेच नाही. तुमच्या मनाला वीस वर्षांपूर्वीचा खेळ आठवतो आहे आणि पायांना तो आठवत नाही, यातच दुखापतीचा धोका आहे. खो-खोत बसलेल्या अवस्थेतून एकदम उसळी घ्यावी लागते, अचानक थांबावे लागते, झुकून वळावे लागते. त्यामुळे मांडीच्या मागचा स्नायू, पोटरी, टाचेची शीर आणि गुडघा यांवर एकाएकी ताण येतो. म्हणून पहिले दीड-दोन महिने सरावाला जा, पण पूर्ण वेगाने पळू नका आणि सूर तर मारूच नका. बाईंना स्पष्ट सांगा की मला हळूहळू घ्या. सुरुवातीला धावण्याचा वेग असा ठेवा की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल. सरावाआधी दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करणे कधीही टाळू नका. उशीर झाला तर खेळ कमी करा, पण हे नाही. आठवड्यातून दोनदा घरी उठाबशा, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, असे साधे व्यायाम करा. रविवारी सवड झाली तर मुलांना घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून या. उतरताना मात्र सावकाश उतरा, कारण गुडघ्यांवर जास्त भार उतरताना येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला आहे. तुमचा सराव नियमित झाला तर हे सगळे त्यात बसते.

सासूबाईंच्या भीतीला मी हलके लेखत नाही, कारण ती त्यांच्या स्वतःच्या दुखण्यातून आली आहे. त्यांना सांगा की गुडघा जपण्याचा मार्ग मांडीचे स्नायू बळकट ठेवण्यातून जातो, आणि हे त्यांच्या गुडघ्यांनाही लागू आहे. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि खाली आणायचा, हा व्यायाम त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून रोज केला तर त्यांनाही आराम पडू शकेल. तुम्ही दोघी मिळून तो करा.

बायका सहसा बोलत नाहीत अशा एका गोष्टीविषयी आता लिहिते. दोन बाळंतपणांनंतर उडी मारताना, धावताना किंवा खोकताना लघवीचे थेंब जाणे ही अतिशय सर्रास आढळणारी तक्रार आहे, आणि केवळ तिच्या लाजेपोटी कित्येक जणी मैदान सोडतात. तुम्हाला हा त्रास असेल तर तो सोसत बसू नका. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते आवळून काही क्षण धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने केले तर पुष्कळ जणींना फरक पडतो. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. तीन महिन्यांनी उतार पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना भेटावे. आणि एक चांगली, घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि स्वतःच्या मापाचे बूट घ्या. मुलीचे बूट दर वर्षी नवे येतात, तुमचे कधी आले होते ते आठवून पाहा.

सराव सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. तुम्ही ज्याला ताकद नसणे म्हणता, ते अंशतः हिमोग्लोबिन कमी असल्यामुळेही असू शकते. बारापेक्षा ते कमी असेल तर आधी औषध सुरू करा, मग वेग वाढवा. थायरॉइड, साखर आणि रक्तदाबही पाहून घ्या. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नेहमीपेक्षा फार धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मैदानावर उतरू नका. आणि दुपारी एकच्या डब्यानंतर थेट रात्री साडेनऊला जेवायचे हे आता चालणार नाही. कार्यालयातून निघताना केळे, मूठभर फुटाणे आणि गूळ, किंवा दाण्याचा एखादा लाडू खाऊन निघा.

रात्री रडू येते, असे तुम्ही लिहिले आहे. खेळाने मन हलके होते आणि सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा चांगला उपयोग होतो, पण खेळ म्हणजे उपचार नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातही गोडी वाटत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपण नसतो तर बरे झाले असते असे विचार मनात येत असतील, तर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. पत्रावरून मला तुमची अवस्था इतकी खोल गेलेली वाटत नाही. तरीही हे लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

अपराधीपणा जाईपर्यंत थांबू नका, कारण तो आधी जात नाही. पहिले काही आठवडे बूट घालताना तो येईल, धाकटा 'आई, जाऊ नको' म्हणाला की आणखी वाढेल. मुलाला जवळ घ्या, कधी परत येणार ते घड्याळात दाखवा आणि त्या वेळेला परत या. मुलांना सवय लागते. माझा आग्रह असा आहे की सुरुवातीलाच आठवड्याचे तिन्ही दिवस जाऊ नका. मंगळवार आणि शनिवार असे दोनच दिवस धरा, दोन महिने ते नीट पार पडले की गुरुवार जोडा. महिनाअखेरीला ताळेबंद असेल, मुलांची परीक्षा असेल, तेव्हा एखादा आठवडा चुकेल. चुकलेल्या आठवड्याची भरपाई करायची नाही, पुढच्या मंगळवारी नेहमीसारखे जायचे. जूनमध्ये मैदानात चिखल झाला की सराव बंद पडतो आणि बंद पडलेली सवय पुन्हा लागायला वेळ जातो, म्हणून पावसाळ्यात शाळेचे सभागृह मिळेल का, हे बाईंनी आत्ताच विचारून ठेवलेले बरे.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला आवडेल का, हे मी सांगू शकत नाही; ते तिलाच विचारा, आणि असे विचारा की तिला 'नको' म्हणता येईल. अकरा वर्षांच्या मुलीला घराबाहेरची एखादी जागा स्वतःची असावीशी वाटते, आणि ते मैदान सध्या तिची ती जागा आहे. तिचा सराव संपल्यावर तुमचा सुरू होणार असेल तर फारशी अडचण येऊ नये. तिच्या सरावाच्या वेळी मात्र कडेने सूचना देऊ नका, तिच्या खेळातल्या चुका घरी जेवताना काढू नका, आणि तुमच्या जिल्हा पातळीच्या खेळाशी तिची तुलना कोणी करू लागले तर ती तिथल्या तिथे थांबवा. ती नाही म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. बाईंना सांगून वेगळे वार किंवा वेगळे मैदान पाहा. ती हो म्हणाली, तर नव्याने धावायला लागलेल्या आईला चौकोनातून उठायचे कसे, हे पहिले काही दिवस तिलाच शिकवू द्या.

तुमची मैत्रीण